काडी खिशातच राहू द्या: चंद्रपूर-गडचिरोलीच्या झिजलेल्या जमिनीसाठी काय करावे, काय टाळावे

आपल्या या दोन जिल्ह्यांत आग दोनदा लागते. दिवाळीनंतर बांधीतले तणस पेटते आणि होळीच्या आगेमागे रानातला पाला. दोन्ही वेळा जळते ती पुढच्या वर्षीची माती. मग मृग-आर्द्राचा पाऊस उघड्या पडलेल्या बरडीवर कोसळतो आणि उरलेसुरले वैनगंगेच्या, वर्धेच्या स्वाधीन करतो. म्हणून खालची यादी शेताची एक आणि जंगलाची एक अशी कप्प्यांत बसवलेली नाही. इथे धुऱ्यापलीकडे रानच सुरू होते.

धानाच्या बांधीत

करा: तणसाची वाटणी कापणीआधीच ठरवा. जेवढे धान, साधारण तेवढेच किंवा थोडे जास्त तणस निघते. त्यातले गुरांना किती, खताला किती, बांधीत किती, हे आधी ठरले नाही तर निर्णय काडीपेटी घेते. ज्याच्या दावणीला जनावरे आहेत त्याचे तणस वैशाखापर्यंत पुरत नाही. ज्याने बैलजोडी विकून ट्रॅक्टर धरला, त्याला तेच तणस अडगळ वाटते. तेव्हा शेजाऱ्याला तणस द्या आणि बदल्यात शेणखताच्या बंड्या घ्या. हा व्यवहार जुनाच आहे, मधल्या काळात आपण तो विसरलो.

टाळा: बांधीत काडी लावणे. टनभर तणसात साधारण ५ ते ८ किलो नत्र आणि १२ ते १७ किलो पालाश असते. जाळले की नत्र जवळपास सगळे हवेत जाते. पालाश राखेत राहते खरे, पण राख बांधीत टिकली तर त्याचा उपयोग. 'जाळल्याने कीड मरते' हे म्हणणे अगदीच खोटे नाही, कारण खोडकिडीच्या अळ्या धसकटांत दडून राहतात. मात्र कापणीनंतर नांगर घालून धसकटे उलटी पाडली तरी त्या मरतात, आणि त्यात मातीचे काही जात नाही.

टाळा: रोवणीच्या तोंडावर ओले किंवा ताजे तणस चिखलात दाबणे. ते कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र आधी स्वतःसाठी ओढतात आणि रोवणी पिवळी पडते. मग शेतकरी युरिया वाढवतो आणि तणसाला शिव्या देतो. गाडायचेच असेल तर किमान तीन-चार आठवडे आधी, ओल असताना, बारीक करून गाडा.

करा: ओल टिकणाऱ्या बांधीत उतेरा घ्या. कापणीच्या आठ-पंधरा दिवस आधी उभ्या धानात लाखोळी किंवा जवस फेकावा. नांगरट नाही, वेगळे पाणी नाही, आणि जमीन हिवाळाभर झाकलेली. लाखोळीच्या मुळांवरच्या गाठी जे नत्र सोडून जातात, ते फुकटच.

करा: धुऱ्यांवर गिरिपुष्प लावा. हिरवळीच्या खतासाठी सगळे धैंचा सुचवतात आणि बोरवेल असलेल्याला तो लाभतोही. पण पावसाच्या भरवशावरच्या धानात, पाऊस पडल्यापासून रोवणीपर्यंत धैंच्याला चाळीस-पंचेचाळीस दिवस मिळतील कुठून? गिरिपुष्प धुऱ्यावर उभे असते. रोवणीआधी फांद्या छाटा, पाला चिखलात तुडवा. तुरीची ओळ धुऱ्यावर असेल तर ती मोडू नका, मधल्या जागेत लावा.

टाळा: धुरे 'साफ' करायला पेटवणे. धुरा ढासळतो तो इथूनच.

टाळा: वरची सुपीक माती वीटभट्टीला विकणे. भट्टीवाला एकरकमी पैसे देतो, हे खरे. त्या बांधीत पुढची कित्येक वर्षे खत ओतावे लागते, हे तो सांगत नाही.

नाडेपचा हौद

इथे थोडे थांबावे लागेल, कारण ही पद्धत आपल्याच विदर्भातली आहे आणि गावोगाव बांधलेले हौद आज निम्मे रिकामे, निम्मे सरपण ठेवायला वापरलेले दिसतात. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, ही रीत बसवली ती शेण कमी असलेल्या शेतकऱ्यासाठी. शेण कमी आणि काडीकचरा भरपूर, ही तर आजच्या धानपट्ट्याची स्थितीच झाली.

करा: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच हौद, विटांचा आणि चारही भिंतींना हवेसाठी भोके ठेवलेला. विटा परवडत नसतील तर बांबूच्या ताट्यांचाही चालतो. आपल्याकडे बांबूला तोटा नाही. एका हौदाला चौदा-पंधराशे किलो काडीकचरा, नव्वद-शंभर किलो शेण, साडेसतराशे किलोच्या आसपास चाळलेली कोरडी माती आणि दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते. एवढ्याशा शेणात तीन टनांच्या आसपास खत निघते, यातच या पद्धतीचे मोल आहे.

करा: हौद एका दिवसात, फार तर दोन दिवसांत भरा. आधी आतल्या भिंती आणि तळ शेणाच्या पाण्याने ओले करा. मग सहा इंच काडीकचरा, त्यावर शेणकाला, त्यावर मातीचा पातळ थर, आणि पुन्हा तेच. काठाच्या दीड फूट वर झोपडीच्या छपरासारखा उतार येईपर्यंत रचत जा आणि वरून शेणमातीने लिंपून टाका. पंधरा-वीस दिवसांत ढीग आठ-नऊ इंच खाली बसतो. नेमके याच वेळी बहुतेक लोक हौद विसरतात. त्या जागी पुन्हा थर भरायचे असतात, पुन्हा लिंपायचे असते. लिंपणाला भेगा पडल्या तर शेणपाणी शिंपडून बुजवा, गवत उगवले तर उपटा. तीन ते चार महिन्यांत खत काळेभोर, ओलसर आणि दुर्गंधी नसलेले झाले पाहिजे.

टाळा: नुसते तणस भरणे. धानाच्या तणसात सिलिका फार, नत्र कमी. एकटे ते वर्षभर तसेच पडून राहते. गिरिपुष्पाचा पाला, गवत, फुलावर येण्याआधी उपटलेले गाजरगवत आणि सोयाबीनचे कुटार मिसळले की ते वठणीवर येते. तणस आदल्या रात्री भिजवून ठेवा. टनाला किलोभर ट्रायकोडर्मा शेणकाल्यात घातला तर आणखी चांगले.

टाळा: बियाला आलेले गाजरगवत आणि रानतुळस हौदात टाकणे. खताबरोबर त्यांचे बी आपणच शेतभर पेरतो.

टाळा: खत भर उन्हात पसरवून ठेवणे. नेले त्याच दिवशी मातीत मिसळा.

आणि एक जोडधंदा. तणसावर धिंगरी अळिंबी घ्या. तणस बारीक कापून, गरम पाण्यात निर्जंतुक करून पिशव्या भरायच्या. पावसाळ्यात सात्या या रानअळिंबीसाठी सकाळपासून रान पालथे घालणाऱ्या गावांना अळिंबीची चव समजावून सांगावी लागत नाही. पिशवीतले पीक संपले की उरलेले तणस अर्धे कुजलेलेच असते. ते हौदात जाते आणि लवकर खत होते.

पऱ्हाटी, तुराट्या आणि राइस मिलचा कोंडा

करा: वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या कापूसपट्ट्यात पऱ्हाटी डिसेंबर-जानेवारीत उपटून शेत रिकामे करा. वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते.

टाळा: पऱ्हाटीचे भारे पुढच्या पेरणीपर्यंत धुऱ्यावर रचून ठेवणे. सरपण म्हणून ठेवलेला तो ढीग म्हणजे बोंडअळीची पुढच्या हंगामाची सोय. श्रेडर भाड्याने मिळत असेल तर बारीक करून हौदात घाला.

करा: श्रेडर नसेल तर खड्ड्यात कोळसा करा. वर रुंद आणि तळाशी निमुळता असा कंबरभर खड्डा खणून तळाशी आग पेटवा आणि तुराट्या, पऱ्हाटी, रायमुनियाच्या वाळक्या काड्या थराथराने टाकत जा. वरच्या थरावर राखेची पांढरी झाक दिसू लागली की पुढचा थर. खड्डा भरत आला की भरपूर पाणी ओतून पूर्ण विझवा. हा कोळसा कोरडा शेतात टाकू नका. शेण-गोमूत्रात दोन-तीन आठवडे मुरवा, मग खताबरोबर द्या. सिहार आणि बरडी अशा हलक्या जमिनीत ओल धरायला त्याचा उपयोग होतो. भारी काळ्या कन्हारात घालण्याची गरज नाही. हे काम जंगलाच्या कडेला किंवा वारा सुटलेला असताना करू नये, हे सांगायला नकोच.

करा: मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, देसाईगंज इथल्या राइस मिलांतून कोंडा आणा. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा कोंडाच असतो. गोठ्यात अंथरा, गोमूत्र शोषू द्या, मग खड्ड्यात टाका.

टाळा: मिलच्या कोंड्याची राख आणि औष्णिक केंद्राची राख एकच समजणे. पहिली धानाची आहे. दुसरी कोळशाची आहे आणि तिच्यात बोरॉन, आर्सेनिकसारखी द्रव्ये असू शकतात. 'शेतात टाका, पीक जोमाने येते' असे कुणी सांगितले म्हणून ट्रकभर फ्लाय अॅश उतरवून घेऊ नका. माती आणि राख दोन्ही तपासून, कृषी विद्यापीठाने मात्रा सांगितली तरच.

तणस-तुराट्या विकाव्यात का? २०२१ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांना कोळशात शेतकचऱ्याच्या कांड्या मिसळण्याचे बंधन घातले, तेव्हापासून हा प्रश्न चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात येतोच. माझे मत असे: शेतात जाळण्यापेक्षा विकणे बरे, पण बरडी-सिहार जमिनीच्या मालकाने तणस विकून युरिया आणू नये. तुराट्या विका. तणस राखा.

मामा (माजी मालगुजारी) तलावाचा गाळ

गोंड राजांच्या काळापासून आणि पुढे मालगुजारांनी, कोहळी कारागिरांच्या हातून, इथे ज्या तलाव-बोड्या उभ्या राहिल्या त्या शेतातून वाहून आलेल्या मातीच्या तिजोऱ्याही आहेत. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तो गाळ शेतात न्यायला सरकारची वाट मोकळी आहे.

करा: गाळ बरडी, सिहार जमिनीला द्या. मोरांडीला बेताने. ज्याची जमीन आधीच कन्हार आहे त्याने शेजाऱ्याला संधी द्यावी.

टाळा: जेसीबी मिळाला म्हणून तळ खरवडणे. वरचा सुटा गाळ निघाला की थांबा. त्याखालचा चिकणमातीचा घट्ट थर फुटला तर तलावात पाणी ठरत नाही. काठाचा उतारही उभा तासू नका. गुरे आणि माणसे दोन्ही घसरतात, आणि उथळ काठावरच माशांची पिल्ले वाढतात. पाळीची माती तर चमचाभरही काढू नये.

करा: बेशरम मुळासकट उपटा आणि पाण्यापासून लांब, पूर्ण वाळेपर्यंत पसरवा. ओल्या मातीला टेकलेली तिची कांडी पुन्हा मूळ धरते. वाळली की वरच्या खड्ड्यातल्या कोळशाला चालते.

मोह, तेंदू आणि रानातली आग

गडचिरोली जिल्ह्याचा बराच मोठा भाग जंगलाखाली आहे, आणि तिथे उन्हाळ्यात लागणाऱ्या आगींतल्या बहुतेक माणसाच्या हातच्या असतात. कारणे दोन: मोहफुले स्वच्छ जमिनीवर वेचता यावीत, आणि तेंदूला नवी कोवळी पाने भरपूर यावीत.

करा: मोहाखालचा पाला खराट्याने ओढून बुंध्यापासून दूर लोटा आणि जुनी नेट किंवा साड्या जोडून अंथरा. फुलांना माती, राख लागत नाही, व्यापारी खोट काढत नाही. जाळलेल्या जागेवरची फुले काळपट पडतात, भावही पडतो. पोटापाण्याचा हा हिशेब मला पर्यावरणाच्या हिशेबापेक्षा जास्त पटवणारा वाटतो.

टाळा: पहाटे अंधारात एकट्याने मोह वेचायला जाणे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडकडे वाघाचे हे भय वेगळे समजावून सांगायला नको. उजाडल्यावर, चार-सहा जणांनी, बोलत जा आणि वाकून वेचताना एकाने उभे राहून नजर ठेवा.

करा: तेंदूची खुटकटाई धारदार हत्याराने, जमिनीलगत करा. छाटलेल्या खुंटाला येणारी पाने आगीतून आलेल्या पानांपेक्षा कमी नसतात. मजुरी जास्त लागते, हे मान्य. ती मजुरी कंत्राटदाराकडून वसूल करणे हे ग्रामसभेचे काम.

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने याच्याही पुढे पाऊल टाकले. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असे ठरवले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि रान पेटते. त्यांनी बांबूवर भर दिला. प्रत्येक गावाला हे जमणार नाही. तेंदूच्या पैशावर वर्षाचा किराणा भरणाऱ्या घरांना असा उपदेश करू नये. पण एखादा हंगाम, एखादा कंपार्टमेंट बंद ठेवून पाहायला काय हरकत आहे?

करा: नियम ग्रामसभेत, सगळ्यांच्या संमतीने करा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला तो एका रात्रीत नाही. त्याआधी वर्षानुवर्षे देवाजी तोफा आणि गावकरी अभ्यास गटांत बसत होते, निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने घेत होते. बहुमताने केलेला आगबंदीचा नियम हरलेल्या गटातला एखादा मोडतोच.

टाळा: जाळरेषा काढण्याचे काम उन्हाळ्यावर ढकलणे. फेब्रुवारी उजाडण्याआधी ती झाली पाहिजे.

टाळा: उत्तर गडचिरोलीत तणसाची गंजी आणि मोहाची पोती राहत्या घराला लागून ठेवणे. २०२१ मध्ये छत्तीसगडहून आलेल्या रानटी हत्तींना दोन्हीचा वास लांबून कळतो.

पडीक जमीन, झुडपी जमीन

करा: लावण्याआधी राखा. उजाड दिसणाऱ्या जमिनीत पळस, धावडा, ऐन, तेंदू, साग यांची जिवंत खुंटे असतात. तीन पावसाळे कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळा. मग एका खुंटाला फुटलेल्या पाच-सहा धुमाऱ्यांतले दोन सरळ ठेवा, बाकी छाटा. जुने मूळ खोल गेलेले असल्यामुळे हे फुटवे रोपवाटिकेतल्या रोपाला सहज मागे टाकतात. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत राज्याने दोन कोटींपासून तेहतीस कोटी झाडांपर्यंत उद्दिष्टे वाढवत नेली. खड्डे मोजले जातात, खुंटे कुणी मोजत नाही.

करा: चराईबंदी घालण्याआधी गुरे कुठे चरतील ते ठरवा. गुराख्याला न विचारता घातलेली बंदी आठवडाभर टिकते.

करा: उतारावर सलग समतल चर, वरून खाली. आधी माथा, मग पायथा. रोजगार हमीच्या आराखड्यात ही कामे आणि नाडेपचे हौद दोन्ही बसतात, ग्रामसभेने मागितले तर.

करा: मोहाचे बी पडले की लगेच लावा. ते साठवून ठेवता येत नाही, काही आठवड्यांतच त्याची उगवण मरते.

टाळा: लवकर हिरवे दिसावे म्हणून निलगिरी किंवा सुबाभूळ. खाली गवत येत नाही तिथे गुरेही येत नाहीत आणि माणसांनाही काही मिळत नाही.

टाळा: सातबारा न पाहता झुडपी जमिनीवर नांगर किंवा बांधकाम. विदर्भातली झुडपी जंगल जमीन वनजमीनच समजावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला आहे. तलाठ्याच्या तोंडी होकारावर विसंबू नका.

खडकाळ जमीन सुधारत नाही असे म्हणणाऱ्याने वरोऱ्याला जाऊन यावे. बाबा आमट्यांना १९५१ मध्ये आनंदवनासाठी मिळालेली ५० एकर जागा दगड-झुडपांचीच होती. तिथे आधी विहीर खणली गेली, शेती मग आली. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

खाणीच्या ढिगाऱ्यांवर

हे काम एकट्या शेतकऱ्याचे नव्हे, पण गावाने काय मागायचे ते माहीत हवे. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर नीरी संस्थेच्या आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी साखर कारखान्याचे प्रेसमड आणि मुळांशी राहणारे जिवाणू-बुरशी वापरून झाडे जगवून दाखवली. म्हणजे शेतमालाच्या कारखान्याचा कचरा आणि मेलेली माती, दोन्ही एकाच ठिकाणी मार्गी लागली. तेव्हा खाणीच्या जनसुनावणीत नुसती 'झाडे लावा' अशी मागणी करू नका. मागा हे: खोदण्याआधी वरची माती वेगळी काढून झाकून ठेवा, ढिगाऱ्याचा उतार कमी करा, सेंद्रिय खत किती टन घालणार ते लेखी द्या, आणि पावसात ढिगारा वाहून शेतात, नाल्यात येऊ नये म्हणून पायथ्याशी बांध आधी बांधा.

टाळा: ढिगाऱ्यावर उगवलेल्या गवतात लगेच गुरे सोडणे.

ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला आहे, त्यांनी दिवाळीपूर्वीच्या ग्रामसभेत तणसाचा आणि माघातल्या ग्रामसभेत आगीचा ठराव लिहून घ्यावा, त्यावर सह्या-अंगठे घ्यावेत आणि एक प्रत वनरक्षकाकडे, एक कृषी सहायकाकडे द्यावी. हक्क नसला तरी या यादीतला शेताचा अर्धा भाग कुणाच्याही परवानगीशिवाय होतो. नाडेपच्या हौदातले सरपण आधी बाहेर काढा.